यात्रेच्या स्टेजवर घटोत्कच उडवायचा का? (मोठ्या संगीतिकांतली यंत्रं आणि आपलं तीस फुटी स्टेज)

तिसरी_घंटा

'विकेड' ही संगीतिका २००३ पासून न्यूयॉर्कला चालू आहे. तिच्या पहिल्या अंकाच्या शेवटी हिरवी चेटकीण गात गात वर जाते. बघणाऱ्याला वाटतं तारेवर उडाली, खरं ती तारेवर नसतेच. ती एका लिफ्टवर उभी असते, कमरेला पट्ट्याने मागे जखडलेली. खाली घेरदार काळा झगा लिफ्ट झाकून टाकतो, आणि मागून येणारे प्रकाशाचे झोत व धूर उरलेलं काम करतात. त्याच नाटकातली पंखवाली माकडं मात्र तारेवर उडतात. माकडांना त्या वेळी गायचं नसतं, हा फरक ध्यानात घ्या.

लिफ्ट बिघडली तर खेळ थांबत नाही. नटी चालत पुढे येते आणि भोवतीचे सगळे नट जमिनीवर आडवे होतात. ती उभी, बाकी जग खाली. कोट्यवधींच्या यंत्राला पर्याय काय, तर वीस माणसांनी झोपणं!

धागा काढायचं कारण असं की बेळगावकडच्या खानापूर, येळ्ळूर, निपाणी भागात यात्रेला पौराणिक संगीत नाटकं अजून होतात आणि आता दर कमिटीला ट्रिकसीन हवा असतो. 'सौभद्र' घेतलं तर पहिली मागणी, घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो तो प्रवेश हवेत करा. स्टेज ३० बाय २० फूट, उंची ४ फूट, वर लोखंडी पाइपचा मंडप. जाणकारांनी सांगावं:
एक, माणूस उडवता येतो का?
दोन, नाही तर काय करावं?
तीन, गाणं कुठे बसवावं?

कप्पी_दोर

पहिल्याचं उत्तर आधी देतो. मंडपाच्या पाइपला माणूस टांगायचा नाही. तो सांगाडा ताडपत्री आणि दिवे धरायला असतो, त्याचे जोड वरून खाली येणाऱ्या वजनाच्या हिशेबाने कसलेले असतात, आडव्या झोक्याच्या नव्हे.

हिशेब बघा. ६० किलोचा माणूस स्थिर लोंबला तर तारेवर ६० किलो. तोच ४५ अंशांवरून झोका घेत खाली आला की तळाशी ताण जवळपास १.६ पट, म्हणजे ९५ किलो. तार क्षणभर ढिली पडून झटका बसला तर किती होईल याला माप नाही. माणसासाठी तार निदान दहापट ताकदीची धरतात, म्हणजे साडेनऊशे किलो. पाव इंचाच्या निम्मी, म्हणजे १/८ इंची, ७ बाय १९ विणीची (१९ बारीक तारांचे ७ पेड) विमानी पोलादी तार २००० पौंडांना, म्हणजे सुमारे ९०० किलोंना तुटते. म्हणजे तीसुद्धा थोडी कमीच पडते. आणि हे फक्त तारेचं झालं. कप्पी, कडी, आकडा, वरचा बीम आणि दोरी ओढणारा गडी, सगळ्यांची ताकद त्याच हिशेबात बसावी लागते. साखळीतला सर्वांत कच्चा दुवा बहुतेक वेळा तारेच्या टोकाचे क्लिप असतात. तीन क्लिप लावायचे, क्लिपचं खोगीर भार घेणाऱ्या तारेवर, यू-बोल्ट दुमडून आलेल्या मोकळ्या टोकावर. उलटे लावले तर यू-बोल्ट भाराची तारच चेपतो आणि ती तिथेच तुटते. नीट लावले तरी पकड तारेच्या ताकदीच्या ८० टक्क्यांच्या आसपास राहते.

आता उडवा, पण पेंढ्याचा बाहुला. ८ ते १० किलोंचा करा. त्याहून हलका केला तर वाऱ्याने गिरक्या घेतो आणि पेंढा आहे हे शेवटच्या रांगेलाही कळतं. दोन तारा, दोन्ही खांद्यांना एकेक. एकाच तारेवर टांगलेली वस्तू हमखास स्वतःभोवती फिरते. तार काळी आणि बिनचकाकीची रंगवा, मागचा पडदा गडद किंवा नक्षीचा ठेवा. फिकट निळ्या आकाशाच्या पडद्यापुढे तार जितकी दिसते तितकी कुठेच दिसत नाही. बाजूचे दिवे तारेवर पडू देऊ नका.

येळ्ळूरचा_गडी

घटोत्कच जमिनीवरनंच आला तर काय बिघडतंय? 'अललडुर्र' करत राक्षस आला की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदराखाली. तार लागत नाही की बीम लागत नाही.

काळी_चार

@येळ्ळूरचा_गडी, हसण्यावारी नेऊ नका, तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

उडवायचा पट्टा कंबर, मांड्या आणि छातीच्या खालच्या भागाला आवळतो. गाण्याचा दम नेमका तिथूनच येतो. पट्ट्यात लोंबताना फासळ्या फुलत नाहीत, पोट बाहेर येत नाही, आणि तान मधेच तुटते. म्हणून मोठ्या खेळांत ज्याला पदाची झेप घ्यायची त्याच्या पायाखाली काहीतरी असतं. तिसरी_घंटा यांनी सांगितलेल्या चेटकिणीचं गाणं वरच्या पट्टीत जाणारं आहे, ते उभं राहूनच होतं. आपल्याकडे सुभद्रेचं पद आधी पूर्ण होऊ द्या, टाळी पडू द्या, मग राक्षस. पदाच्या मध्यावर धूर सोडणारे कमिटीवाले बघितले की पेटी मिटून घरी जावंसं वाटतं.

बाहुल्याच्या झोक्यावरून एक सांगतो. झोक्याचा वेळ वजनावर नसतो, दोरीच्या लांबीवर असतो. कप्पीपासून बाहुल्याच्या पोटापर्यंत १२ फूट दोरी असली तर मोठा झोका जाऊन परत यायला सुमारे ४ सेकंद. तेवढ्यात केरव्याचं एक आवर्तन, आठ मात्रा, बसवायचं तर लय मिनिटाला १२० मात्रा. दादरा हवा तर ९०. आणि ठेका ९६ चाच ठेवायचा हट्ट असेल तर आवर्तन ५ सेकंदांचं होतं, मग दोरी २० फुटांच्या घरात पाहिजे, ती आपल्या मंडपात मावत नाही. म्हणजे लय दोरी ठरवते, तबलजी नाही! झोक्याच्या टोकाला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आली की बाहुला क्षणभर थांबल्यासारखा दिसतो आणि लोक श्वास रोखतात. मधेच सम आली तर घंटेचा लोलक हलतोय असं वाटतं.

कप्पी_दोर

@काळी_चार, वा! भर घालतो. पहिल्या झोक्यानंतर हवेने झोका लहान होत जातो, वेळ मात्र फारसा बदलत नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनालाही सम चुकत नाही. चार आवर्तनांत बाहुला विंगेत ओढून घ्या, त्यापुढे दम नाही.

काळी_मखमल

दुसऱ्या प्रश्नासाठी दोन उपाय. दोन्ही मांडवात करून बघण्याजोगे आहेत, पैसे कापडाला लागतात.

*घटोत्कच वाढतो.* मागे तीन पायऱ्यांची घडवंची, पायऱ्या ९, १८ आणि २७ इंच उंच. रुंदी ३ फूट, खोली प्रत्येकी १ फूट, सागवानी किंवा निदान दणकट वाशांची, चारही पाय स्टेजला पट्ट्या ठोकून पक्के. घटोत्कचाच्या खांद्यावरून काळा अर्धवर्तुळ झगा, त्रिज्या ७ फूट. खांदा पावणेपाच फुटांवर आणि वरची पायरी सव्वादोन फूट, म्हणजे बरोबर सात. खालचा घेर २२ फूट येतो. ५८ इंच पन्ह्याचं कापड साडेआठ-नऊ मीटर लागतं. काठाला पडद्याची शिशाची साखळी शिवा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने झगा उडून घडवंचीचे पाय दिसतात आणि सगळं हसण्यावारी जातं.

सुरुवातीला सव्वादोन फूट कापड जास्तीचं असतं. त्याच्या चुण्या आत वेल्क्रोने धरून ठेवायच्या. राक्षस उलट्या पावलांनी पायऱ्या चढतो, एकेक चुणी सुटत जाते, काठ जमिनीवरच. समोरच्याला दिसतं की माणूस वाढतोय. मागे काळ्या कपड्यांतला एक गडी कंबर धरून उभा पाहिजे, कारण राक्षसाला पायरी दिसत नाही. प्रत्येक पायरी समेवर. मोठ्या संगीतिकेतली लिफ्ट आणि ही घडवंची यांचं तत्त्व एकच.

*सुभद्रा तरंगते.* मागे काळी मखमल, तीसुद्धा सुती. चमकणारं सॅटिन किंवा पॉलिस्टर दिवा लागताच राखाडी दिसतं. पुढे दोन्ही विंगांतून आडवे दिवे असे लावा की स्टेजवर अडीच-तीन फूट जाडीची प्रकाशाची एक भिंत तयार होईल. तिच्या आत जे येईल ते दिसतं, मागे राहील ते नाही. सुभद्रा साडेपाच फूट लांब, दीड फूट रुंद, १८ मिमी प्लायच्या फळीवर आडवी. फळीला खालून दोन वासे, सगळं मखमलीने मढवलेलं, चौघे जण पूर्ण काळ्यात, हातमोजे आणि तोंडावर काळी जाळी. ते भिंतीच्या मागे, फळी भिंतीत. पदर आणि केस खाली सोडा, तरंगल्याचा भास त्यांनीच होतो. फळी कमरेपेक्षा वर नेऊ नका. चौघांपैकी एकाचा पाय अडखळला तरी ती अडीच फुटांवरून पडावी, सहा फुटांवरून नव्हे.

बिघडतं ते तीन कारणांनी: समोरचे दिवे चालू राहतात, कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावतो, किंवा बाजूला उभी राहिलेली माणसं भिंतीच्या मागे डोकावतात. तिसऱ्यासाठी स्टेजच्या कडेपासून प्रेक्षकांकडे तिरके बांबू बांधा आणि रुंदीच्या बाहेर कुणाला बसू देऊ नका.

कुंदा_करदंट

लग्नातल्या व्हिडिओवाल्यांकडे कॅमेऱ्याची ती लांब जिब क्रेन असते. तिच्या टोकाला सुभद्रा बसवली तर?

कप्पी_दोर

नको. ती काही किलोंच्या कॅमेऱ्यासाठी असते. मागची वजनं तेवढीच.

फ्यूज_गेला

विजेचं कुणी बोललं नाही म्हणून.

यात्रेत नाटकाला बहुधा एकच जनरेटर देतात आणि त्यावरच पाळणे, आइस्क्रीमवाला, देवळाची रोषणाई. धुराच्या यंत्राचा हीटर १५०० वॅटचा असतो आणि तो मनाला येईल तेव्हा चालू-बंद होतो. प्रत्येक वेळी दाब पडतो आणि दिवे लुकलुकतात. एलईडी पार (स्टेजचे गोल डब्यासारखे दिवे) १५० वॅटचे धरले तर वीस पार म्हणजे ३ किलोवॅट. नाटकाला १५ केव्हीएचा वेगळा जनरेटर मागा, ध्वनी एका फेजवर, दिवे आणि धूर दुसऱ्या दोन फेजवर. ध्वनी आणि डिमर (उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) एकाच वायरीवर आले की माइकमध्ये भुंगा बसतो, आणि तंबोऱ्याच्या सुराशी तो कधीच जुळत नाही.

धुराचे दोन प्रकार, ते गोंधळू नका. यंत्राचा धूर ग्लायकॉल आणि पाण्याचा, गरम, म्हणून वर चढतो. गायकाच्या घशाला कोरड आणतो आणि यंत्राच्या तोंडाशीच साचला तर फळ्यांवर तेलकट थर बसून नाचणारे घसरतात. यंत्र तापायला पाच-सात मिनिटं लागतात, प्रवेशाच्या आधी आठवण ठेवा.

ढगासारखा जमिनीवर लोळणारा धूर कोरड्या बर्फाचा. तो उणे ७८.५ अंश असतो, गरम पाण्यात टाकला की वाफेचं धुकं होतं. पाणी थंड झालं की धुकं विरतं, म्हणून बर्फ जाळीच्या टोपल्यात थोडा थोडा बुडवायचा आणि बाजूला दुसरं उकळतं पाणी तयार ठेवायचं. उघड्या हाताने धरायचा नाही, कातडं जळतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा नाही, डबा फुटतो. आणि हे महत्त्वाचं: १ किलो बर्फाचा सुमारे ५४० लिटर कार्बन डायऑक्साइड होतो, तो हवेपेक्षा जड. चार फुटी स्टेजवरून तो सरळ खाली उतरतो, आणि स्टेजच्या पुढ्यात मांडी घालून कोण बसलेलं असतं? लहान मुलं. पहिले १० फूट मोकळे ठेवा. स्टेजखाली कुणी लपला असेल तर कोरडा बर्फ वापरूच नका.

एलईडी भिंतीबद्दल: हल्ली पडद्याऐवजी तीच लावतात. ३.९ मिमीच्या पॅनेलला निदान ४ मीटर अंतरावरून बघावं लागतं, नाहीतर ठिपके दिसतात. उजेड १५-२० टक्क्यांवर आणला नाही तर पुढचा नट काळी सावली होतो. काळी_मखमल यांचा प्रयोग आणि एलईडी भिंत एका प्रवेशात नांदत नाहीत, एक निवडा.

आंबोली_घाट

चंदगड-खानापूरकडे तळकोकणातले दशावतारी येतात आणि त्यांच्या फलकावर 'ट्रिकसीनयुक्त' हा शब्द असतोच. त्यांच्याकडून घ्यायचं ते यंत्र नाही, बेत घ्यावा. संवाद जागेवर रचायची सवय असल्याने ट्रिक तयार नसली तर पात्र बोलत राहतं, हार्मोनियम-पखवाज सूर धरून ठेवतात, आणि आतून खूण मिळाली की बोलणं तोडून मोकळे. बांधलेल्या संगीत नाटकात ही सोय नाही. म्हणून ट्रिकच्या अलीकडे दोन आवर्तनांची नुसती पेटीची जागा ठेवा. ती लांबवता येते, आखूडही करता येते.

माणूस बदलायचा प्रवेश असेल, समजा संन्याशाचा अर्जुन, तर आधी एक लख्ख झोत आणि लगेच पूर्ण अंधार. डोळे दिपल्यावर बघणाऱ्याला एक-दोन सेकंद काहीच दिसत नाही, तेवढ्यात अदलाबदल. आतल्या गड्यांनी झोत पडताना एक डोळा मिटून ठेवावा, अंधारात तोच कामाला येतो.

तिसरी_घंटा

स्टेजच्या फळीतून पाताळात गडप होणं जमेल का? आणि जुन्या काळासारखी राळ?

काळी_मखमल

४ फूट उंचीत माणूस उभा मावत नाही, उकिडवा बसतो. खाली उतरणारा दरवाजा नको, सरकणारी फळी करा, भोक दोन बाय अडीच फूट. खाली गादी आणि एक माणूस फक्त बोल्टसाठी. बोल्ट काढल्यावर तो हात वर करून विंगेतल्याला दाखवेल, तोवर कुणी त्यावर पाय ठेवायचा नाही. झाकणाला १८ मिमीचे दोन थर आणि चारही बाजूंनी वाशाचा आधार. तालमीत त्यावर दोघे जण उड्या मारून बघा.

फ्यूज_गेला

राळ मशालीवर उडवून भडका करायची रीत सुंदर होती, मोकळ्या मैदानात. आजचा मांडव पॉलिस्टरचा आहे. एक ठिणगी आणि वितळलेलं कापड खाली ठिबकतं. तांबडा-पिवळा एलईडी आणि खालून पंख्याने फडफडणाऱ्या रेशमी पट्ट्या लावा, विसाव्या फुटावरून ज्वाळाच वाटतात.

गुर्लहोसूर_फाटा

जरा इतिहास. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. राक्षस आणि आरडाओरडा तिथूनचा. मग सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर आले, १८८० ला 'शाकुंतल', १८८२ ला 'सौभद्र'. त्यांनी आरडाओरडा काढून पद मधोमध आणलं. 'सौभद्रा'त राक्षस आहे, पण नाटक त्याच्यावर चालत नाही. दुसरीकडे कन्नड रंगभूमीवरच्या गुब्बी वीरण्णांच्या कंपनीने 'कुरुक्षेत्रा'त खरे हत्ती-घोडे स्टेजवर आणले. आणि आपल्याच, पूर्वी गोकाक तालुक्यात असलेल्या कुलगोडच्या तम्मण्णांच्या 'श्रीकृष्ण पारिजाता'त स्वर्गातला वृक्ष भूमीवर येतो, तोही निव्वळ गाण्यावर. थाटाची आणि निव्वळ गाण्याची, दोन्ही परंपरा आपल्या मुलखात सापडतात, तेव्हा 'ट्रिक नसेल तर लोक येत नाहीत' हे कमिटीचं म्हणणं मला पटत नाही.

येळ्ळूरचा_गडी

पटत नाही खरं, वर्गणी कमिटीच गोळा करते की.

तिसरी_घंटा

बरोबर. बसायच्या जागेचंही विचारून घेतो. मुंबईला मोठा खेळ बघायला जाणारे महागडी पहिली रांग घेतात.

कप्पी_दोर

अद्भुताच्या खेळाला पहिली रांग सर्वांत वाईट. लिफ्टचा कठडा, नटाच्या पाठीचा पट्टा, तारेचा आकडा, सगळं खालून दिसतं आणि धुक्यात नटांचे पाय बुडालेले दिसतच नाहीत. मधल्या भागातली आठवी ते पंधरावी रांग घ्या. बाल्कनीच्या पहिल्या रांगेतून जमिनीवरची प्रकाशाची नक्षी सुरेख दिसते, पण सरकत्या फळ्यांच्या रेषाही दिसतात. अगदी कडेच्या खुर्च्या टाळा. ४५ अंशांच्या काचेत भूत दाखवण्याची १८६२ पासूनची युक्ती आहे, ती तर कडेला बसलेल्याला अर्धी कापलेलीच दिसते.

काळी_चार

माइकचं राहिलं. मुकुटाखाली कपाळावर लावलेला माइक मुकुट घासल्याने खरखरतो. गालाला त्वचेच्या रंगाच्या पट्टीने चिकटवा, तोंडापासून दोन बोटं मागे. सुभद्रेच्या माइकची पेटी (ट्रान्समीटर) पाठीवर नको, ती फळीवर आडवी होणार आहे. मांडीला बांधा. राक्षसाची पेटी मात्र पाठीवरच, कंबर धरणाऱ्या गड्याचा हात तिथे लागणार असेल तर आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन पायरीवर तो स्विच बंद करतो.

कुंदा_करदंट

तालीम किती घ्यायची?

आंबोली_घाट

पदांची तालीम रोज होतेच. ट्रिकच्या निदान तीन, सगळ्या रात्री, आणि त्याच मांडवात. शाळेच्या हॉलमध्ये दुपारी घेतलेल्या तालमीला अर्थ नाही, तिथे काळे गडीही दिसतात आणि फळीही. पहिली तालीम बाहुल्यावर आणि रिकाम्या फळीवर, वाळूचं पोतं ठेवून. दुसरी माणसांसकट, संगीताशिवाय, तोंडाने मात्रा मोजत. तिसरी रंगीत. दुसऱ्या तालमीला सुभद्रेने नऊवारीच नेसावी. ओच्याची गाठ फळीच्या वाशात अडकते, ते गाउनमध्ये कळत नाही.

काळी_मखमल

ओचा डावीकडे खोवून वर एक आडवी पट्टी शिवा. आणि तिच्या पायातली पैंजणं काढून ठेवा, तरंगणाऱ्या बाईचा छुमछुम आवाज चौघांच्या पावलांबरोबर येतो.